लव्हाळ आटलं त्या वर्षी

दसरा उलटला की धुळ्याच्या सकाळी जरा वेळ धुक्याच्या असतात. ऊन वर यायच्या आत पांझरेच्या पात्रावर पांढरट वाफ तरंगते, पलीकडचा काठ दिसेनासा होतो, आणि मला क्षणभर वाटतं की पलीकडे काठच नाही, नुसतं पाणी आहे. दूरवर पसरलेलं, उथळ, हलतं न हलतं असं पाणी. मग गिरणीचा भोंगा होतो, धुकं फाटतं, आणि नदी आपल्या जागी परत येते. पण तेवढ्या वेळात मी दोंडाईच्याच्या पलीकडे दोन कोस जाऊन आलेली असते.

त्या गावात आम्ही नऊ वर्षं होतो. हे शाळेत मास्तर होते आणि शाळेच्याच एका खोलीत टपालाचंही काम पाहत. मी धुळ्याची. नळ नसला तरी आड अंगणात असलेल्या घरातली. लग्न होऊन बैलगाडीतून गावात उतरले, ते आश्विनाचेच दिवस होते. गाडी गावाच्या खालच्या अंगाने आली, आणि वळणावर एकदम ते दिसलं. हिरव्या लव्हाळ्याची दाट भिंत, तिच्यामधून चमकणारे पाण्याचे तुकडे, आणि त्या सगळ्यावर पांढऱ्या पाखरांचा एक थवा, कोणी चादर झटकावी तसा उठून परत बसणारा. गावच्या नदीला पूर आला की पाणी त्या खोलगट जागेत शिरायचं, आणि वैशाखापर्यंत तिथेच मुक्काम करायचं. लव्हाळा माजला म्हणून जागेचं नाव लव्हाळ. गावात कोणी तळं म्हणायचं नाही, दलदल म्हणायचं नाही. "लव्हाळमा गई," "लव्हाळकडथून उना," असं, एखाद्या शेजाऱ्याच्या घराबद्दल बोलावं तसं बोलायचे.

खानदेशचं ऊन ज्याला ठाऊक आहे त्यालाच कळेल की एवढं पाणी नुसतं डोळ्यांसमोर असणं म्हणजे काय. बाकी सगळीकडे काळी, भेगाळणारी माती आणि कापसाची शेतं. आणि मध्येच ही ओल. दुपारी शाळा भरली की मी ओट्यावर बसायची, आणि वाऱ्याबरोबर एक वास यायचा. शेवाळाचा, कुजल्या गवताचा, माशांचा, आणि त्याखाली कुठेतरी गोड. पहिल्या महिन्यात तो वास नकोसा वाटला. दुसऱ्या वर्षी माहेरी गेले, तेव्हा रात्रभर काहीतरी हरवल्यासारखं होऊन मी कूस बदलत राहिले. तो वास नव्हता.

लव्हाळ मला दाखवलं सोनाअक्काने. ती भोयांच्या वस्तीतली. नवरा अंगाने दुबळा, म्हणून पाण्यातलं सगळं काम तीच करायची. त्या पाण्यात भोई लोक शिंगाड्याचे वेल लावत. दोन रिकामी मडकी बांबूला बांधून, त्या बांबूवर पोट टेकून ती पाण्यात उतरायची आणि वेल उलटे करकरून शिंगाडे तोडायची. पाठीवर ऊन, पोटाखाली पाणी, लुगड्याचा काष्टा कसलेला. वय तेव्हा चाळिशीच्या आसपास असेल, पण पाण्यात ती कुठल्याच वयाची वाटत नसे. एकदा मी काठावर उभी राहून बघत होते तर तिने हाक मारली, "मास्तरीनबाई, लाजू नको. पाय सोड पानीमा."

मी चपला काढल्या आणि पाय सोडले. पाणी वर कोमट होतं आणि खाली गार. बोटांमधून चिखल वर आला, बारीक मासे येऊन घोट्याला टोचू लागले. मी किंचाळले आणि मग हसतच सुटले. लग्नानंतर इतकी मोकळी मी तेव्हाच पहिल्यांदा हसले असेन.

त्यानंतर तिथे जायचा परिपाठच पडला. चिमी झाल्यावर तिला कडेवर घेऊन जायची. संध्याकाळी सूर्य लव्हाळ्यात शिरला की सगळं पाणी तांबूस व्हायचं, पाणकोंबड्या आतून कुरकुरायच्या, आणि कार्तिकात करकोचे यायचे. ते आधी ऐकू यायचे, मग दिसायचे. आभाळात फार उंचावर कोणी लाकडी दार हळूहळू उघडतंय असा आवाज. चिमी मान मागे टाकून बघायची आणि म्हणायची, "आले." अडीच वर्षांची होती. "आले" हा तिचा आवडता शब्द. पाऊस आला, बैल आला, बाबा आले, करकोचे आले, सगळ्याला एकच.

सोनाअक्का मला सांगायची, "सांजना वखतले पोरले आठे नको आनू. डास भलता ऱ्हातस." मी म्हणायची, "अक्का, तू तर बारा महिने इथंच असतेस." ती म्हणायची, "मी जून शे. मनं रगत कडू व्हई गये." आणि आम्ही दोघी हसायचो.

हिवताप त्या गावाला नवा नव्हता. आश्विन-कार्तिकात तो पाहुण्यासारखा यायचा, आणि पाहुण्यासारखीच त्याची तयारी ठेवावी लागायची. टपालात कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, पुड्या येत. ते वाटण्याचं काम ह्यांनी माझ्यावर सोपवलं होतं, कारण बायका मास्तरांसमोर यायला संकोचत. सकाळपासून ओट्यावर माणसं यायची. डोळे पिवळट, ओठ सुकलेले, उन्हात घोंगडी पांघरून कुडकुडणारी. मी पुडी द्यायची, गुळाचा खडा द्यायची, आणि कोण कुठल्या गल्लीतून आलंय ते मनात आपोआप साठत जायचं. त्यामुळे गावात मलाच ठाऊक असलेली एक गोष्ट होती. ताप लव्हाळाच्या काठच्या घरांत होता, पण तितकाच वरच्या गल्लीतही होता. वरच्या गल्लीत, शाळेच्या मागे, आबा पाटलांच्या नव्या घरासाठी माती खणून काढली होती आणि त्या खड्ड्यांत पावसाचं पाणी महिनोन् महिने साचून असायचं. काळं, मेलेलं पाणी. त्यात मासा नव्हता की पाखरू नव्हतं. आमचं घर त्या खड्ड्यांपासून पन्नास पावलांवर.

चिमीला ताप चढला तो दिवाळीच्या पाडव्याला. रोज बाराच्या ठोक्याला यायचा. आधी नखं निळी व्हायची, मग ती लहानशी हनुवटी थडथडायची. कोयनेल मधातून दिलं, दुधातून दिलं, तिने सगळं ओकून टाकलं. हे दोंडाईच्याहून डॉक्टरांना घेऊन आले. पाचव्या दिवशी ताप उतरला. तिने भात मागितला, दोन घास खाल्ले. सहाव्या दिवशी ताप मेंदूत गेला. दुपारी तीनच्या सुमारास, सुट्टी संपून भरलेल्या शाळेतून पाढ्यांचा आवाज येत होता. हे घरीच होते, वरच्या वर्गातला मोठा मुलगा पाढे म्हणवून घेत होता. चौदाचा पाढा चालू असताना माझ्या मांडीवर ती गेली. त्यानंतर मी कधी चौदाचा पाढा पुरता ऐकला नाही. कोणी म्हणायला लागलं की उठून जायची.

त्या दिवसांतलं फारसं आठवत नाही. एवढंच आठवतं की डोळे मिटले की मला संध्याकाळचं लव्हाळ दिसायचं, तांबूस पाणी आणि कडेवरची चिमी, आणि अक्काचा आवाज यायचा, पोरले आठे नको आनू. मी नेलं होतं. मला आवडत होतं म्हणून मी तिला नेलं होतं. खड्ड्यांचं मला ठाऊक होतं, पण खड्ड्यांवर राग धरता येईना. त्यांच्यावर मी कधी प्रेम केलंच नव्हतं.

माघात गावाची बैठक बसली. शिंदखेड्याहून मामलेदार येऊन गेले होते. गावाने मनावर घेतलं तर लव्हाळापासून नदीपर्यंत चर खणून पाणी काढून टाकावं, ताप जाईल आणि जमीनही मिळेल, असं त्यांनी सुचवलं होतं. ह्यांच्याकडे आरोग्यखात्याचं पत्रक आलं होतं. मारुतीच्या पारावर उभं राहून ह्यांनी ते वाचून दाखवलं. ताप वाईट हवेने येत नाही, देवीच्या कोपाने येत नाही, साचल्या पाण्यातल्या डासाने येतो. वाचताना ह्यांचा आवाज दोनदा अडखळला. सगळ्यांना कारण ठाऊक होतं. सगळे खाली बघत होते.

आबा पाटील वाईट माणूस नव्हते, हे मला आज सांगितलंच पाहिजे. त्यांचाही एक नातू आदल्या वर्षी गेला होता. ते म्हणाले, "तठली माटी काया सोना शे. कापूस कंबरइतला व्हई. आनि पोरं जगतीन."

बायका कडुनिंबाखाली उभ्या होत्या. त्यांच्यातून सोनाअक्का पुढे आली. बैठकीत बाई बोलायची पद्धत नव्हती. तिचा पदर कपाळापर्यंत ओढलेला होता, पण आवाज पाण्यात असतो तसाच मोकळा.

"आबा, बठ्ठं पानी काबर काढतस? गावकडली कड साफ करा. लव्हाया काढा. तठे बारीक मासा ऱ्हास, तो डासनं पिल्लू खास. मी डोयाघाई दखेल शे."

"अक्का," आबा म्हणाले, "मासा काय ताप खास का?"

पारावर हशा पिकला. अक्का हसली नाही. ती म्हणाली, "आमनी वीस घरं शेत त्या पानीवर. आम्ही कोठे जावानं?"

बैठक थोडी डळमळली. भोयांची माणसं कुजबुजू लागली, म्हातारे एकमेकांकडे बघू लागले. गुरांना उन्हाळ्यात पाणी कुठून, असंही कोणीतरी म्हणालं. तेव्हा आबांनी माझ्याकडे पाहिलं.

"मास्तरीनबाई, कोयनेल तुम्हना हातनं वाटाई जास. ताप कोठून येस, तुम्हीच सांगा."

सगळं गाव माझ्याकडे वळलं. मला सगळं ठाऊक होतं. वरच्या गल्लीतल्या पंधरा-वीस चेहऱ्यांची मला नावानिशी आठवण होती. दोन वाक्यं बोलायची होती: लव्हाळाकडूनही येतो, आबांच्या खड्ड्यांतूनही येतो. दोन्ही खरी होती.

"लव्हाळातून," मी म्हणाले.

एवढंच. समोर सोनाअक्का होती. तिने तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं. मग मिटलं, आणि ती बायकांमध्ये परत जाऊन उभी राहिली.

फाल्गुनात चर खणला. गाव असं एकदिलाने राबताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पहारी, कुदळी, टोपल्या, भाकऱ्यांच्या चवडी, गाणी. शेवटचा मातीचा बांध फोडला तेव्हा सगळे ओरडले. पाणी मात्र घाईने गेलं नाही. आधी एक बोटभर धार, मग हातभर, आणि मग तीन दिवस, तीन रात्री, ते नुसतं जात राहिलं. आम्ही झोपलो तरी तो आवाज चालू होता. चौथ्या दिवशी सकाळी उठले तर आवाज नव्हता. मी तिकडे गेले नाही. मुलं टोपल्या भरभरून मासे घेऊन आली, गावात घरोघर मासळी शिजली, आणि आठ दिवस असा वास होता की कुत्रीसुद्धा बाहेर जाऊन बसली.

पुढच्या कार्तिकात करकोचे आले. तोच उंचावरचा आवाज. मी ओट्यावर होते, पोटात शारदा होती. त्यांनी गावावरून दोन घिरट्या घातल्या आणि खाली उतरले. लव्हाळाच्या जागी त्या पहिल्या वर्षी हरभरा पेरलेला होता. त्या कोवळ्या हरभऱ्यात ते दिवसभर उभे राहिले. खात नव्हते. रखवालदाराने थाळी वाजवली तर चार पावलं सरकायचे आणि पुन्हा उभे. दुसऱ्या दिवशी नव्हते. त्यानंतरच्या वर्षी वरून गेले, उतरले नाहीत.

आणि ताप खरोखरच कमी झाला. हे लपवून चालणार नाही. ओट्यावरची गर्दी निम्म्याने कमी झाली, पुढच्या वर्षी त्याहून कमी. पण त्याच उन्हाळ्यात ह्यांनी शाळेच्या मुलांना घेऊन वरच्या गल्लीतले खड्डेही बुजवून टाकले होते. पत्रकात लिहिलं होतं म्हणून, बाकी काही त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. तेव्हा ताप लव्हाळ आटल्याने गेला की खड्डे बुजल्याने, ते आता कोणीच सांगू शकणार नाही. शारदा जन्मली, रांगली, चालली. प्रत्येक आश्विनात मी तिच्या कपाळावर हात ठेवून बसायची, बाराचा ठोका टळेपर्यंत. तिला ताप आला नाही.

हरभऱ्यानंतर दोन वर्षं कापूस खरंच कंबरेइतका आला. काळी जमीन बोंडांनी पांढरी झाली की लांबून वाटायचं पाखरं बसलीत. तिसऱ्या चैत्रात विहिरीचा दोर वाढवावा लागला. चौथ्या चैत्रात आणखी एक दोर जोडला. पाचव्या वर्षी खालच्या गल्लीतल्या विहिरीचा तळ दिसू लागला. गावात तोपर्यंत तो कोणी बघितलेला नव्हता. आबा पाटील विहिरीच्या काठावर बसून आत बघत होते. मी घागर घेऊन तिथे पोचले तेव्हा ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आमन्या हातनी चर खंदी. आते पानीले काय बोल लावो?" मग उठले, मला वाट दिली, आणि दोर ओढायला स्वतः हात लावला. पाटलांनी दोर ओढलेला त्या गावाने पहिल्यांदाच पाहिला असेल.

भोयांची घरं एकेक करून उठली. कोणी तापीकाठी गेलं, कोणी धुळ्याला गिरणीत. सोनाअक्का सगळ्यांत शेवटी गेली. डोक्यावर बोचकं, मागे नवरा आणि मुलगा. ती आमच्या दारापर्यंत आली, पण पायरी चढली नाही. शारदा अंगणात मातीत खेळत होती. तिच्याकडे बघून अक्का म्हणाली, "येस मी." मी म्हणाले, "ये." आमच्याकडे जाणाऱ्याला जा म्हणत नाहीत. ती परत येणार नव्हती, हे दोघींना ठाऊक होतं. तरी मी तेवढाच एक शब्द बोलले.

मी पुष्कळदा विचार करते. पाणी राखायला हवं होतं का? अर्धं राखायचं, कड साफ करायची, मासा सोडायचा, अक्का म्हणाली तसं? आज माझं मन हो म्हणतं. मग शारदा शाळेतून येते, पुस्तकं खाली टाकते, तहान लागली म्हणून घटाघटा पाणी पिते, आणि तिच्या त्या हलत्या गळ्याकडे बघताना माझं हो कुठेतरी विरघळतं. एका बाजूला वीस घरं, हजार पाखरं आणि गावाच्या विहिरी. दुसऱ्या बाजूला ही एक मुलगी. आणि तीही कदाचित त्यामुळे वाचलेली. ज्याचं मूल त्या तराजूत बसलंय त्याच्या हाती तराजू देऊ नये, एवढंच मला कळलं आहे. पण त्या दिवशी तो माझ्याच हाती दिला गेला, आणि गावाला वाटलं की हिला सगळ्यांत जास्त ठाऊक आहे.

आमची बदली धुळ्याला झाली. शहरात दिवस भराभर गेले. गेल्या वर्षी, ह्याच दिवसांत, मी गोधड्या धुवायला पांझरेवर गेले होते. धुकं नुकतं विरत होतं. शेजारच्या दगडावर एक म्हातारी कोणाला तरी दटावत होती, "आरे, पानी काय तुना बापनं शे का?" तो आवाज. मी गोधडी तशीच सोडली. ती वाहून जायला लागली तेव्हा त्या म्हातारीनेच ती धरली, आणि मग माझ्याकडे बघितलं.

आम्ही दगडावर बसलो. तिचे केस पांढरे झाले होते, दात गेले होते. मुलगा गिरणीत होता. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. पाणी नळाचं मिळतं, ती म्हणाली, पण नळाच्या पाण्यात पाय सोडता येत नाहीत. मला आणखी इकडचं तिकडचं बोलता येईना.

"अक्का," मी म्हणाले, "त्या दिवशी पारावर मी पूर्ण खरं बोलले नाही. वरच्या गल्लीतही ताप होता. खड्ड्यांतून. मला ठाऊक होतं."

"माले बी ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "मना दीर त्या खड्डामा माटी खंदाले जाये. तठला डास आम्ही दखेल व्हतात."

"मग तू बोलली का नाहीस? तू तोंड उघडलं होतंस. मी पाहिलं."

तिने माझी गोधडी पिळायला घेतली. एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. पिळता पिळताच म्हणाली, "बोलनार व्हतू. मंग तुनाकडे दखं. तुना हात कमरवर तसाच व्हता, पोर कडेवर शे आशे. तुले मालूम बी नव्हतं. म्हनं, जाऊ दे."

पाणी दगडावर सांडत राहिलं. मला आठवेना. मी कितीदा तो दिवस उलटापालटा केला होता, माणसं, हशा, कडुनिंबाची सावली, माझा तो शब्द. पण माझा हात मला कधी दिसला नव्हता.

"तुनी ती दुसरी पोर?" तिने विचारलं.

"शारदा. तेरा वर्षांची झाली."

"ताप येस तिले?"

"नाही."

"मंग बरं व्हयनं," सोनाअक्का म्हणाली. तिने गोधडीची घडी केली, माझ्या हातात ठेवली, आणि वाकून आपलं धुणं पुढे धुवायला लागली. ती मनापासून म्हणाली होती. तिच्या आवाजात कुठे थोडा राग अडकला असता, तर मला तो सोसला असता.